ढगांच्या वरची वीज अवकाशातून पाहायला आपण कसे शिकलो?

वळवाच्या पावसात वीज चमकते तेव्हा आपण ती नेहमी खालून पाहतो. ढगातून जमिनीकडे झेपावणारी, नाहीतर ढगातल्या ढगात लखलखणारी. त्याच क्षणी ढगाच्या माथ्यावर काय चाललंय हे आपल्याला दिसत नाही, कारण मध्ये ढगच आडवा असतो. आजचा लेख त्या वरच्या बाजूबद्दल आहे.

तुमच्यापैकी बरेच जण सध्या नेट-सेटची किंवा पेटची तयारी करत असतील. संशोधन पद्धतीच्या पेपरात निरीक्षण, गृहीतक, पडताळणी हे शब्द आपण व्याख्यांसकट पाठ करतो. पण एखादी गोष्ट ‘दिसली’ असं विज्ञान कधी मान्य करतं, हे व्याख्येतून कळत नाही. त्यासाठी एखाद्या विषयाचा इतिहास नीट बघावा लागतो. ढगांवरच्या विजेचा इतिहास त्यासाठी फार चांगला आहे: सिद्धांत आधी आला, साक्षीदारही होते, पण पुरावा यायला साठेक वर्षं लागली. आणि पुरावा आल्यावरही, कुठून पाहिलं यावर उत्तर बदलत राहिलं. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो परत परत येणार आहे.

आधी ओळख करून घेऊ

उष्ण कटिबंधातल्या मोठ्या वादळी ढगाचा माथा १५ ते १८ किलोमीटरपर्यंत पोचतो. आयनांबराचा तळ ९० किलोमीटरच्या आसपास. या दोहोंच्या मधल्या विरळ हवेत विजेमुळे काही झगमगाट होतात. त्यांना एकत्रितपणे क्षणिक प्रकाशी घटना किंवा थोडक्यात टीएलई म्हणतात. त्यांचे मुख्य प्रकार असे:

स्प्राइट म्हणजे साधारण ५० ते ९० किलोमीटर उंचीवर दिसणारा लालसर झगमगाट. कधी गाजरासारखा, कधी जेलीफिशसारखा. टिकतो काही मिलिसेकंद, फार तर काही दशक मिलिसेकंद. लाल रंग नायट्रोजनच्या रेणूंचा.

ब्लू जेट ढगाच्या माथ्यातून निघून निळ्या शंकूसारखा ४०-५० किलोमीटरपर्यंत चढतो.

एल्व्ह हे ९० किलोमीटरच्या आसपास झपाट्याने पसरणारं प्रकाशाचं कडं. व्यास शेकडो किलोमीटर, आयुष्य एका मिलिसेकंदापेक्षाही कमी.

हेलो ही स्प्राइटच्या वरच्या भागात दिसणारी फिकट तबकडी. आणि जायगँटिक जेट थेट ढगापासून आयनांबरापर्यंत जातो, म्हणजे ढग आणि अवकाशाची कड यांच्यात खरोखरची विद्युत जोडणीच होते.

यातला एकही प्रकार १९८९ च्या आधी कॅमेऱ्याच्या पुराव्यासह प्रस्थापित झालेला नव्हता.

सिद्धांत आधी, पुरावा नंतर

सी. टी. आर. विल्सन हे नाव तुम्ही क्लाउड चेंबरमुळे ऐकलं असेल. १९२७ चं नोबेल त्यासाठीच मिळालं. पण या स्कॉटिश शास्त्रज्ञाचं दुसरं प्रेम होतं गडगडाटी ढग. १९२५ साली त्यांनी एक साधा युक्तिवाद मांडला. तो इतका साधा आहे की तुम्ही आत्ता वहीवर करून बघू शकता.

ढगातल्या विद्युतभारामुळे वरच्या बाजूला जे विद्युतक्षेत्र तयार होतं, ते उंचीच्या घनाच्या प्रमाणात कमी होतं. उंची दुप्पट झाली की क्षेत्र एक अष्टमांश. पण हवेत ठिणगी पडायला किती क्षेत्र लागतं, हे हवेच्या घनतेवर अवलंबून असतं. आणि घनता दर पाच किलोमीटरला साधारण निम्मी होत जाते. म्हणजे ३५ किलोमीटरवरून ७० किलोमीटरवर गेलात, तर क्षेत्र आठपट कमी होईल, पण ठिणगीसाठी लागणारी मर्यादा शंभरपट खाली येईल. जमिनीजवळ ठिणगीला मीटरमागे सुमारे ३० लाख व्होल्ट लागतात. ७५ किलोमीटरवर शंभर व्होल्टच्या आसपास भागतं. दोन वक्र काढा, एक हळू उतरणारा आणि एक झपाट्याने उतरणारा. कुठेतरी ते छेदणारच. त्या छेदबिंदूच्या वर हवा ‘तुटायला’ हवी.

इथे एक प्रश्न तुमच्या मनात यायला हवा. मग ढग असेपर्यंत वर सतत उजेड का दिसत नाही? कारण वरच्या हवेतले मुक्त भार हळूहळू सरकून ढगाचं क्षेत्र झाकून टाकतात. वीज जमिनीवर पडते तेव्हा ढगातला बराच भार क्षणात नाहीसा होतो, आणि वरच्या भारांना इतक्या लवकर जुळवून घेता येत नाही. तेवढ्या काही मिलिसेकंदांत वर मोठं क्षेत्र उघडं पडतं. म्हणून स्प्राइट नेहमी एखाद्या तगड्या विजेच्या मागोमाग येतो. बहुतेक वेळा ती जमिनीवर धन भार आणणारी वीज असते.

विल्सनकडे गणित होतं, पण कॅमेरा नव्हता. मानवी साक्ष मात्र होती. एकोणिसाव्या शतकापासून ढगांच्या माथ्यावरून वर जाणाऱ्या उजेडाची वर्णनं सापडतात. १९०३ साली ‘नेचर’मध्ये ‘रॉकेट लायटनिंग’ या मथळ्याचं एक टिपण छापून आलं होतं. पुढे विमानं उंच उडायला लागली तसे वैमानिकही असं काही पाहिल्याचं सांगू लागले. खुद्द विल्सननी १९५६ साली, वयाच्या ८७ व्या वर्षी, दूरच्या वादळावर असा पसरट उजेड स्वतः पाहिल्याची नोंद छापली. तरीही विषय पुढे सरकला नाही.

का? ‘शास्त्रज्ञांनी दुर्लक्ष केलं’ असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण त्यांच्या जागी उभं राहून बघा. काही मिलिसेकंद टिकणारी, फिकट, कधी होईल ते न कळणारी गोष्ट. बाजूलाच तिच्यापेक्षा कितीतरी प्रखर वीज चमकतेय, त्यामुळे डोळे दिपलेले. वर्णनं एकमेकांशी जुळत नाहीत. कुणी हिरवट म्हणतो, कुणी लाल, कुणी खांब म्हणतो, कुणी पंखा. अशा साक्षींवरून उंची काढता येत नाही, वेळ काढता येत नाही. थोडक्यात, मोजता येत नाही. आज आपल्याला माहीत आहे की वर्णनं जुळत नव्हती त्याचं एक कारण म्हणजे घटनाच वेगवेगळ्या होत्या. हे मात्र मोजमाप झाल्यावरच कळणार होतं.

शटलचे कॅमेरे आणि एक व्हिडिओ टेप

साक्षी गांभीर्याने घेणाऱ्या मोजक्या लोकांत बर्नार्ड व्हॉनेगट हे एक. कृत्रिम पावसासाठी सिल्व्हर आयोडाइड वापरण्याची कल्पना त्यांची. त्यांनी आणि नासाच्या मार्शल केंद्रातल्या ओथा व्हॉन यांनी १९८० च्या दशकात अशा नोंदी गोळा करून छापल्या. नुसत्या गोळा केल्या नाहीत, तर आकाशातून बघायची सोयही केली. १९८१ च्या दुसऱ्या शटल उड्डाणापासून अंतराळवीरांच्या हाती १६ मिलिमीटरचा चित्रपट कॅमेरा आणि प्रकाशसंवेदी नळी देऊन खाली चमकणाऱ्या विजा टिपायचा प्रयोग सुरू झाला. १९८८ नंतर शटलच्या सामानकक्षातले टीव्ही कॅमेरे रात्रीच्या वादळांकडे वळवले जाऊ लागले. हे कॅमेरे विजेसाठी बसवलेलेच नव्हते. सामानावर लक्ष ठेवायला होते. पण ते कमी प्रकाशात चालत, आणि पृथ्वीच्या कडेकडे रोखले की वादळं बाजूने दिसत.

दरम्यान १९८९ साली मिनेसोटा विद्यापीठात रॉबर्ट फ्रान्झ, रॉबर्ट नेमझेक आणि जॉन विंकलर हे तिघं येऊ घातलेल्या रॉकेट प्रयोगासाठी एक कमी प्रकाशाचा टीव्ही कॅमेरा तपासत होते. कॅमेरा क्षितिजाकडे रोखलेला होता. नंतर टेप पाहताना, २५० किलोमीटर दूरच्या वादळावर दोन उजळ कारंज्यांसारखे आकार दिसले. तीस मिलिसेकंदांपेक्षा कमी वेळ टिकलेले. पेपर १९९० च्या जुलैत ‘सायन्स’मध्ये आला. त्यातला पहिला लेखक, फ्रान्झ, तेव्हा संशोधक विद्यार्थी होता. हे तुमच्यासाठी मुद्दाम सांगतोय.

याला ‘योगायोगाने लागलेला शोध’ म्हणतात. योगायोग होताच. पण टेप पाहणाऱ्याने ‘कॅमेऱ्यात काहीतरी बिघाड असेल’ म्हणून ती फ्रेम सोडून दिली असती, तर योगायोग तिथेच संपला असता. त्यांनी वादळाचं अंतर शोधलं, ढगाच्या माथ्याची उंची काढली आणि त्यावरून उजेडाची उंची मोजली. जी गोष्ट वैमानिकांना करता येत नव्हती, ती झाली.

अजून एक बारकावा. त्या पेपरात उजेड ढगाच्या माथ्यापासून वर गेला असा अर्थ लावला होता. पुढे वेगवान कॅमेऱ्यांनी दाखवलं की स्प्राइट ७०-८० किलोमीटरवर सुरू होतो आणि आधी खाली पसरतो. म्हणजे चित्र खरं होतं, त्याचा अर्थ बदलला. पेपर वाचताना ‘काय दिसलं’ आणि ‘त्याचा काय अर्थ लावला’ हे दोन रंगांच्या पेननी वेगळं अधोरेखित करायची सवय लावा. दहा वर्षांनी पहिला रंग बहुतेक टिकतो, दुसरा बदलतो.

हा पेपर आल्यावर शटलच्या टेपा नव्या नजरेने पाहिल्या जाऊ लागल्या, आणि त्यांत अशीच उदाहरणं सापडू लागली. ७ ऑक्टोबर १९९० रोजी, एसटीएस-४१ या उड्डाणात फ्रेंच गयानाच्या किनाऱ्याजवळच्या वादळात वीज चमकली आणि तिच्या बरोबर वर, रात्रीच्या आकाशाच्या मंद प्रभेचा थर क्षणभर उजळला. विल्यम बोएक आणि सहकाऱ्यांनी हे १९९२ साली छापलं. तोवर ‘एल्व्ह’ हा शब्दही नव्हता. स्टॅनफर्डच्या उमरान इनान यांच्या गटाने १९९१ मध्येच विजेच्या विद्युतचुंबकीय स्पंदामुळे आयनांबराचा तळ उजळू शकेल असं गणिताने दाखवलं होतं. जमिनीवरून वेगवान प्रकाशमापकांनी त्याची पक्की ओळख पटवायला १९९५ उजाडलं. ते काम जपानच्या तोहोकू विद्यापीठाच्या फुकुनिशी यांच्या गटाचं. म्हणजे एल्व्ह आधी अवकाशातून दिसलं, मग जमिनीवरून.

भीती आणि नाव

आता पैशाचा प्रश्न. या विषयाला १९९३ नंतर एकदम वेग आला, त्यामागे निव्वळ कुतूहल नव्हतं. ढगांच्या वर असे विसर्ग होत असतील तर शटलला, विमानांना, रॉकेटला धोका आहे का, हे नासाला जाणून घ्यायचं होतं. वॉल्टर लायन्स यांनी जुलै १९९३ मध्ये कोलोरॅडोतल्या युक्का रिज इथून एकाच रात्रीत २४० हून अधिक घटना टिपल्या. त्याच आठवड्यात अलास्का विद्यापीठाचे डेव्हिस सेंटमन आणि यूजीन वेस्कॉट यांनी नासाच्या डीसी-८ विमानातून एका रात्रीत १९ टिपल्या. दुर्मीळ समजली गेलेली गोष्ट रोजची निघाली. फक्त कुठे आणि कसं पाहायचं ते आता कळलं होतं.

१९९४ च्या उन्हाळ्यात दोन विमानांतून रंगीत चित्रण झालं. लाल रंग तेव्हा कळला, आणि ब्लू जेट हा वेगळाच प्रकार असल्याचंही. ‘स्प्राइट’ हे नाव सेंटमन यांनी सुचवलं, शेक्सपियरच्या नाटकांतल्या चपळ, हाती न लागणाऱ्या जीवांवरून. नावामागचा विचार शिकण्यासारखा आहे. तोपर्यंत लोक ‘वर जाणारी वीज’, ‘ढग ते अवकाश वीज’ असं काय काय म्हणत. या प्रत्येक नावात कारणाबद्दल आणि दिशेबद्दल एक दावा लपलेला आहे, आणि तो तेव्हा सिद्ध झालेला नव्हता. सेंटमनना काहीच दावा न करणारं नाव हवं होतं. वर पाहिलंच आपण, दिशेबद्दलचा दावा पुढे चुकीचा निघाला. तुमच्या डेटामध्ये काही विचित्र दिसलं तर त्याला लगेच ‘अमुकचा परिणाम’ असं नाव देऊ नका.

त्याच वर्षी आणखी एक धक्का. कॉम्प्टन ही गॅमा किरण वेधशाळा १९९१ पासून दूरच्या विश्वातले गॅमा स्फोट शोधत होती. जेराल्ड फिशमन आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये ‘सायन्स’मध्ये लिहिलं की काही फार छोटे, मिलिसेकंदांचे गॅमा झोत पृथ्वीकडून येताहेत, आणि ते वादळांशी जोडलेले आहेत. पाठ करून ठेवलेल्या दिशेकडूनच सिग्नल येईल असं नसतं. गॅमा किरण हवेत शोषले जातात, त्यामुळे हे झोत जमिनीवरून टिपणं फार अवघड. अवकाशातूनच पाहायला हवं याचं हे भक्कम कारण झालं.

कोलंबिया

१६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया शटल एसटीएस-१०७ मोहिमेवर निघालं. आपण ते कल्पना चावलांमुळे ओळखतो. त्याच चमूत इलान रामोन हे पहिले इस्रायली अंतराळवीर होते. त्यांच्याबरोबर मायडेक्स नावाचा प्रयोग होता. भूमध्य समुद्रावरची वाळवंटी धूळ मोजणं हा त्याचा मुख्य हेतू. पण धूळ दिवसा मोजायची, मग रात्री कॅमेरा रिकामाच. योआव याइर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच कॅमेरा रात्री पृथ्वीच्या कडेवरच्या वादळांकडे रोखायचं ठरवलं. जमिनीवरचा गट हवामानाच्या अंदाजावरून वादळं कुठे असतील ते कळवायचा, अंतराळवीर तिकडे कॅमेरा वळवायचे. शटलमधून स्प्राइट आणि एल्व्ह टिपले गेले, आणि कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन झालेलं असल्याने त्यांची तेजस्विता अवकाशातून प्रथमच नीट मोजता आली.

१ फेब्रुवारीला परतताना यान तुटलं. सातही जण गेले. यानावरच्या टेपाही गेल्या. मोहीम चालू असतानाच जे चित्रण जमिनीवर पाठवलं होतं, तेवढंच उरलं. त्या उरलेल्या चित्रणावरून पेपर निघाले. २००५ साली त्यातल्याच २० जानेवारीच्या एका फ्रेमवर एक पेपर आला: मादागास्करच्या दक्षिणेला हिंदी महासागरावर, एल्व्ह किंवा स्प्राइट कुणाशीच न जुळणारी एक लालसर प्रभा. तिचा उलगडा एका निरीक्षणावरून होणं शक्य नव्हतं.

हा भाग लिहिताना मला नेहमी थांबावंसं वाटतं. आपण ज्याला ‘डेटा’ म्हणतो, तो कुणीतरी कुठेतरी रात्र जागून गोळा केलेला असतो. त्याचा बॅकअप घेणं, त्याची नोंद ठेवणं, तो पूर्ण वापरणं हे तांत्रिक काम आहेच, पण त्या माणसांबद्दलचा आदरही त्यात आहे.

बाजूने बघायचं की वरून?

आता या इतिहासातला माझ्या मते सगळ्यात रंजक वाद. उपग्रहातून कॅमेरा कुठे रोखायचा?

पहिला पर्याय, पृथ्वीच्या कडेकडे, म्हणजे बाजूने. फायदा हा की उंची कळते. खाली ढगातली वीज, वर स्प्राइट, दोन्ही वेगळे दिसतात. तोटा हा की घटना हजारो किलोमीटर दूर असते. दुसरा पर्याय, सरळ खाली. अंतर कमी, खालचं वादळ नेमकं कुठलं ते कळतं, आणि वर येणारे गॅमा किरणही त्याच वेळी पकडता येतात. तोटा उघड आहे: ढगातली वीज आणि तिच्या डोक्यावरचा स्प्राइट एकमेकांवर पडतात, आणि प्रखर वीज फिकट स्प्राइटला गिळून टाकते.

यावर फ्रेंच शास्त्रज्ञ एलिझाबेथ ब्लाँ यांच्या गटाने सुंदर तोड काढली. ७६२ नॅनोमीटरच्या आसपास हवेतला ऑक्सिजन प्रकाश जोरात शोषतो. ढगातली वीज खाली दाट हवेत, त्यामुळे तिचा या तरंगलांबीचा प्रकाश वर येईपर्यंत बराचसा शोषला जातो. स्प्राइट मात्र बहुतेक ऑक्सिजनच्या वर असतो आणि नेमका या भागात चमकतो. मग याच पट्ट्याचा फिल्टर लावला की वीज मंद होते आणि स्प्राइट उठून दिसतो. ऑक्टोबर २००१ मध्ये क्लोदी एन्येरे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर गेल्या तेव्हा हा प्रयोग सुरू झाला, आणि सरळ खाली पाहून स्प्राइट ओळखता येतात हे दिसलं. हवेचा अडथळाच गाळणी म्हणून वापरला!

बाजूने पाहण्याचा मोठा प्रयोग तैवानने केला. मे २००४ मध्ये फॉर्मोसॅट-२ उपग्रह ८९१ किलोमीटरच्या कक्षेत गेला. दिवसा तो जमिनीचे फोटो काढायचा आणि रात्री त्यावरचं आयसुअल हे उपकरण वादळं पाहायचं. चेंग कुंग विद्यापीठ, बर्कले आणि तोहोकू यांनी मिळून ते केलं होतं. त्यात कॅमेऱ्याबरोबर वेगवान प्रकाशमापक होते, आणि उजेड ठरावीक पातळीच्या वर गेला की ते आपोआप नोंद करत.

जुलै २००४ ते जून २००७ या तीन वर्षांची बेरीज बघा: ५,४३४ एल्व्ह, ६५७ हेलो, ६३३ स्प्राइट, १३ जायगँटिक जेट. तोपर्यंत जमिनीवरच्या निरीक्षणांमुळे स्प्राइट हाच मुख्य प्रकार वाटत होता. अवकाशातून पाहिल्यावर एल्व्ह कितीतरी पुढे निघालं. कारण? जमिनीवरचा साधा व्हिडिओ कॅमेरा एक फ्रेम तेहेतीस मिलिसेकंद उघडी ठेवतो, त्यात एक मिलिसेकंदाचं फिकट कडं विरून जातं. दुसरं कारण भूगोल. निरीक्षक बहुतेक जमिनीवर होते, आणि एल्व्ह समुद्रावर जास्त होतात. कॅरिबियन, दक्षिण चीन समुद्र, पूर्व हिंदी महासागर. समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान २६ अंशांच्या वर गेलं की एल्व्हचं प्रमाण उडी मारतं, आणि अतिशय तगड्या विजांचं प्रमाण जमिनीपेक्षा समुद्रावर दहापट आहे, असंही याच अभ्यासात दिसलं.

पण सावध राहा, आयसुअलचे आकडेही अंतिम नव्हेत. त्या पेपरातच लेखकांनी लिहिलंय की उपकरणाची संवेदनशीलता आणि पाहिलेलं क्षेत्र लक्षात घेतलं तर स्प्राइटचा खरा दर मोजलेल्याच्या दुप्पट आणि एल्व्हचा दहापट असू शकतो. चांगला पेपर आपल्या उपकरणाला काय दिसत नाही हेही सांगतो. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये ‘मर्यादा’ हा परिच्छेद शेवटच्या रात्री उरकण्याचा नाही, तो असा लिहायचा असतो.

बंगालच्या उपसागरावरचे १६० सेकंद

सप्टेंबर २०१५. डेन्मार्कचे अंतराळवीर अँड्रियास मोगेन्सन अवकाश स्थानकावर होते. त्यांना सांगितलेलं काम साधं होतं: कॅमेरा घ्या, खिडकीशी बसा, वादळं टिपा. बंगालच्या उपसागरावरून जाताना त्यांनी १६० सेकंदांचं चित्रण केलं. त्यात ढगांच्या माथ्यावर २४५ निळे झगमगाट होते, आणि एक धडधडणारा ब्लू जेट ४० किलोमीटरच्या आसपास पोचलेला. एका वादळावर, तीन मिनिटांच्या आत! निळा प्रकाश हवेत विखुरतो, म्हणून जमिनीवरून हे झगमगाट दिसणं कठीण. वरून मात्र ते स्वच्छ दिसले.

एप्रिल २०१८ मध्ये एसिम हे खास उपकरण स्थानकाच्या कोलंबस कक्षाबाहेर बसलं. डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठाचे टॉर्स्टेन न्यूबर्ट त्याचे प्रमुख. हे सरळ खाली पाहतं. एका बाजूला क्ष-किरण आणि गॅमा किरणांचे मापक, दुसऱ्या बाजूला तीन रंगांचे प्रकाशमापक: ३३७ नॅनोमीटर, म्हणजे नायट्रोजनचा निळा, ७७७.४ नॅनोमीटर, म्हणजे तापलेल्या विजेच्या वाटेतला ऑक्सिजन. आणि १८० ते २३० नॅनोमीटरचं अतिनील, जे जमिनीपर्यंत पोचतच नाही. वेग सेकंदाला एक लाख नोंदी.

या रचनेचं फळ काय? १० ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियाच्या सुलावेसीजवळ एकाच विजेतून गॅमा झोत आणि एल्व्ह दोन्ही आल्याचं दिसलं. विल्सन, फिशमन आणि इनान यांचे तीन वेगवेगळे धागे एका घटनेत एकत्र आले. २६ फेब्रुवारी २०१९ रोजी नाउरू बेटाजवळ एका ढगाच्या माथ्यावर पाच निळे झगमगाट झाले, प्रत्येकी सुमारे दहा मायक्रोसेकंदांचे, आणि त्यातल्या एकातून ब्लू जेट सुटून स्थितांबराच्या वरच्या सीमेपर्यंत गेला. ब्लू जेट सुरू कसा होतो, याचं हे पहिलं स्वच्छ निरीक्षण.

आणि एक अपयश. फ्रान्सने याच विषयासाठी तारानिस नावाचा अख्खा उपग्रह बांधला होता. १७ नोव्हेंबर २०२० रोजी तो उडाला आणि काही मिनिटांत रॉकेट भरकटलं. वरच्या टप्प्यातल्या काही केबल उलट जोडल्या गेल्या होत्या. कित्येक वर्षांचं काम गेलं. अवकाश विज्ञानात पीएचडी करायची असेल तर हे आधीच डोक्यात ठेवा: न उडालेल्या एकाच उपकरणावर सगळा प्रबंध टांगू नका. जुना डेटा, जमिनीवरची निरीक्षणं, मॉडेल, यातलं काहीतरी हाताशी असू द्या.

तुमच्यासाठी काय उरलंय?

भरपूर. आपल्याकडे वादळांची कमी नाही. नवी मुंबईत मुख्यालय असलेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या अलाहाबाद केंद्रातून स्प्राइटची निरीक्षणं झाली आहेत, आणि पावसाळ्यात हिमालयाच्या पायथ्याशी टिपलेल्या जायगँटिक जेटवरचा, भारतीय उपखंडातून पहिलाच असा पेपर २०१७ साली आला. पुण्याच्या आयआयटीएममध्ये विजेच्या नोंदींचं जाळं आणि तिच्या अभ्यासाची परंपरा आहे. अवकाशातून दिसलेला झगमगाट आणि खालची नेमकी वीज जोडून पाहणं, हे काम दोन्ही डेटा असलेल्या माणसालाच जमतं. उपग्रह बांधावा लागत नाही, घड्याळं मात्र मिलिसेकंदापर्यंत जुळवावी लागतात. शिवाय नासाच्या ‘स्प्रिटॅक्युलर’ या उपक्रमात हौशी लोकांचे फोटोही घेतले जातात. दोन-तीनशे किलोमीटर दूर वादळ, मधलं आकाश स्वच्छ, शहराचा उजेड नाही, आणि कॅमेरा ढगाच्या वरच्या काळ्या आकाशाकडे. मे महिन्यात गावी गेलात तर करून बघा.

मुलाखतीत तुम्हाला विचारतील, ‘तुमचा रिसर्च गॅप काय?’ आपण बहुतेक वेळा ‘यावर फारसं काम झालेलं नाही’ असं सांगून सुटतो. या शंभर वर्षांकडे बघितलं तर चांगल्या उत्तराचा साचा दिसतो. आत्तापर्यंत कुठून पाहिलं गेलं? कोणत्या रंगात, किती वेगाने? त्या जागेवरून काय दिसणं शक्यच नव्हतं? आणि मी कॅमेरा कुठे रोखणार आहे? हे चार प्रश्न तुमच्या विषयाला लावा, मग तो विजेचा असो की बुरशीचा. उत्तरं एका कागदावर आली, की सिनॉप्सिसचं पहिलं पान तयार झालं म्हणून समजा.